दंड भरून गॅरेज नियमित होत नाही

नमस्कार दादा,
आम्ही नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑकलंडला, पापाटोएटोएमध्ये घर घेतलं. घर सत्तरच्या दशकातलं, मागे सुटं उभं असलेलं दोन गाड्यांचं गॅरेज. आधीच्या मालकाने गॅरेजचा दरवाजा काढून तिथे भिंत घातली, आत मोठी खोली, न्हाणीघर आणि कोपऱ्यात छोटा ओटा करून घेतला. जाहिरातीत त्याला ‘रंपस’, म्हणजे खेळायची-बसायची जास्तीची खोली, म्हटलं होतं. लीममध्ये, म्हणजे कौन्सिलच्या (इथल्या महापालिकेच्या) घराविषयीच्या अहवालात, मात्र नुसतं गॅरेज. गेल्या महिन्यात साताऱ्याहून सासू-सासरे आलेत, सहा महिने राहतील, ते तिथेच झोपतात. खोलीत कुबट वास येतो आणि सासूबाईंच्या गादीची खालची बाजू काळी पडली आहे. बँकेचा व्हॅल्युअर आला होता, त्याने अहवालात ‘विनाकन्सेंट बदल’, म्हणजे कौन्सिलची बांधकाम-परवानगी न घेता केलेले, असं लिहिलं. नवरा म्हणतो, गावाकडे वाढीव बांधकाम दंड भरून नियमित करतात, तसं इथेही करू. ओळखीचा बिल्डर म्हणतो, आधी सगळं नीट करून घ्या, मग कौन्सिलला दाखवा, नाहीतर दाखवूच नका. पुढे ती जागा भाड्याने द्यायचाही विचार आहे. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, ऑकलंड

ताई,

आधी आज रात्रीचं बोलू. सासू-सासऱ्यांना घरात आणा. जागा नाही म्हणाल, पण लग्नघरात एका खोलीत बारा जण झोपलेली माणसं आहोत आपण. मुलांच्या गाद्या हॉलमध्ये टाका. गादीखालचा काळेपणा म्हणजे बुरशी. रात्री अंगाची ऊब आणि दमट हवा गादीतून खाली उतरते, खालची फरशी थंडगार असते, मग तिथे पाणी धरतं. वयस्कर माणसाच्या छातीला ते बरं नाही. डीह्युमिडिफायर लावला की वास दोन दिवस जातो, तिसऱ्या दिवशी परत येतो. तसा आला तर समजा, पाणी हवेतून नाही, जमिनीतून येतंय. आणि त्या खोलीत स्मोक अलार्म नसेल तर उद्याच बसवा. कुणी झोपो न झोपो, आत वायरिंग कुणी केलं हे आपल्याला ठाऊक नाही.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांचा समज चुकीच्या जागेवरून आलेला नाही. आपल्याकडे २००१ चा गुंठेवारीचा कायदा आला, तेव्हापासून ‘शुल्क भरा, नियमित करा’ हे शब्द घराघरात पोचले. पैसे भरले, पावती मिळाली, विषय संपला. न्यूझीलंडमध्ये तसली पावती मिळत नाही. इथे जे आहे त्याला ‘सर्टिफिकेट ऑफ ॲक्सेप्टन्स’ म्हणतात, आमच्या बांधकामाच्या धंद्यात सगळे ‘सी-ओ-ए’च म्हणतात. बिल्डिंग ॲक्ट २००४ च्या कलम ९६ ते ९९ मध्ये त्याची व्यवस्था आहे. पैसे लागतातच. अर्जाची फी वेगळी, शिवाय रीतसर कन्सेंट घेतला असता तर जी फी आणि लेव्ही भरावी लागली असती, तीही. पण पैसे भरले म्हणून बांधकाम पास होत नाही. कौन्सिल तिथे एवढंच लिहून देते, की आम्हाला जेवढं तपासता आलं, तेवढं काम बिल्डिंग कोडला धरून आहे. जे दिसलं नाही ते वगळलं, असंही त्याच कागदावर लिहिता येतं आणि कौन्सिल ते लिहिते. मी असे कागद पाहिलेत ज्यांत वगळलेल्या गोष्टींची यादी मंजूर गोष्टींपेक्षा लांब होती. असा कागद बँकेसमोर ठेवला तर बँकेचा माणूस आधी तीच यादी वाचतो.

म्हणजे प्रश्न ‘किती भरायचे’ हा नाही, ‘काय दाखवता येईल’ हा आहे. आणि त्या खोलीतलं महत्त्वाचं सगळं जिबच्या (भिंतीच्या प्लास्टरबोर्डच्या) मागे किंवा फरशीच्या खाली गेलेलं आहे.

म्हणूनच बिल्डरचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ‘आधी नीट करून घ्या’ म्हणजे काय? तो जुनी जिब काढणार, कुजलेलं लाकूड बदलणार, इन्शुलेशन भरणार, नवी जिब लावून रंग मारणार. चकाचक. म्हणजे विनाकन्सेंट कामावर आणखी एक विनाकन्सेंट काम, आणि जे दाखवायचं होतं ते पुन्हा झाकलेलं. सी-ओ-ए फक्त झालेल्या कामासाठी असतं. जे करायचं बाकी आहे त्याला सुरू करण्याआधी बिल्डिंग कन्सेंट. तुमच्या बाबतीत बहुतेक दोन्ही कागद लागतील: आधीच्या मालकाने केलेल्यातलं जे टिकण्यासारखं आहे त्याचं सी-ओ-ए आणि जे बदलायचं त्याचा कन्सेंट. काही किरकोळ कामं ॲक्टच्या पहिल्या परिशिष्टानुसार कन्सेंटशिवाय करता येतात, पण आपलं काम त्यात बसतं की नाही हे बिल्डरच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. आणि कलम १७ लक्षात असू द्या. कन्सेंट लागो वा न लागो, प्रत्येक बांधकाम कोडप्रमाणेच हवं.

‘दाखवूच नका’ हा सल्ला तर आता तुम्हाला लागूच पडत नाही. बँकेच्या कागदावर ते आलेलं आहे. मूळ काम तुम्ही केलं नाही, तो ठपका तुमच्यावर नाही. पण ‘नोटिस टू फिक्स’ (दुरुस्त करा, अशी कौन्सिलची नोटीस) आजच्या मालकाच्या नावाने निघू शकते. विमा कंपनीला अजून सांगितलं नसेल तर तेही सांगा. आग लागल्यावर त्यांना कळण्यापेक्षा आज तुमच्याकडून कळलेलं बरं.

मग सुरुवात कुठून? कौन्सिलकडून प्रॉपर्टी फाइल मागवा. लीम म्हणजे गोषवारा, फाइल म्हणजे पूर्ण दप्तर. तिच्यात गॅरेजचं मूळ परमिट, नकाशे, गटाराचा आराखडा सापडेल. सापडला नाही तर तीही माहितीच.

त्यानंतर काम कधी झालं ते शोधा. हे अतिशय महत्त्वाचं आहे, कारण सी-ओ-ए फक्त १ जुलै १९९२ नंतरच्या कामाला मिळतं. त्या दिवशी आधीचा बिल्डिंग ॲक्ट अमलात आला. त्याआधी विनापरवाना केलेल्या कामाला हा रस्ताच नाही. तिथे मग स्वतंत्र जाणकाराकडून ‘सेफ अँड सॅनिटरी’ अहवाल करून तो फाइलला लावतात. ती जागा सुरक्षित आहे, राहायला आरोग्यकारक आहे, एवढं तो सांगतो. परवानगी म्हणून त्याचा उपयोग नाही.

तारीख शोधायची एक सोपी युक्ती सांगतो. संडासाच्या टाकीचं झाकण उचलून उलटं करा. बहुतेक झाकणांच्या आतल्या बाजूला किंवा टाकीच्या आतल्या भिंतीवर कारखान्याचा तारखेचा शिक्का असतो. बेसिनखालच्या प्लास्टिकच्या पाइपवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की वाचता येतं. कौन्सिलच्या नकाशावर जुने हवाई फोटो आहेत. गॅरेजच्या तोंडाशी ड्राइव्हवेवर गाडी उभी दिसायची आणि कुठल्या वर्षापासून तिथे कुंड्या दिसायला लागल्या, ते त्यात कळतं. मी एकदा एका घराचं काम याच कुंड्यांवरून तीन वर्षांच्या पट्ट्यात पकडलं होतं.

आता तुम्हालाच ठरवायची गोष्ट: ही जागा काय व्हायला हवी? घराची एक जास्तीची खोली, की दुसरं घर? तुम्ही पत्रात दोन्ही म्हणता. आधी सासू-सासरे, मग भाडेकरू. कायद्याच्या नजरेत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातल्या ओट्यावर मोजलं जातं. झोपायची जागा, न्हाणीघर आणि स्वयंपाक एकत्र आले की ते स्वतंत्र बिऱ्हाड. जिथे बिऱ्हाड नव्हतं तिथे नवं बिऱ्हाड आलं, की कलम ११५ प्रमाणे इमारत कोडच्या प्रत्येक बाबतीत, जितकं वाजवीपणे शक्य आहे तितकं, उतरायला हवी. शिवाय युनिटरी प्लॅनचे (ऑकलंडच्या नियोजन आराखड्याचे) नियम, वॉटरकेअर या पाणी कंपनीचं वाढीव जोडणीचं शुल्क वगैरे. माझं स्पष्ट मत: ओटा काढा. खोली आणि न्हाणीघर, म्हणजे इथल्या भाषेत स्लीपआउट, एवढंच मागा. सासूबाईंना पहाटे चहा लागतो हे मला कळतं. किटली ठेवायला कन्सेंट लागत नाही.

भाड्याचं आत्ता डोक्यातून काढा. भाड्याच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा राहत्या जागांची प्रकरणं टेनन्सी ट्रायब्युनल (मालक-भाडेकरूंच्या तंट्यांचं न्यायाधिकरण) सरळ हातात घेतं, आणि भाडेकरूला भरलेलं भाडं पूर्ण किंवा अंशतः परत द्यायचा आदेश देऊ शकतं. दोन वर्षांचं भाडं परत करायची वेळ आलेला एक गृहस्थ माझ्यासमोर बसला होता. पैसे कधीच संपलेले. त्यात १ जुलै २०२५ पासून सगळ्या खाजगी भाड्याच्या घरांना हेल्दी होम्सचे (ऊब, हवा, ओल वगैरेंचे) निकष लागू आहेत. तुमची काळी गादी तिथे पहिल्या फेरीतच बाद.

आणि कुणी व्हॉट्सॲपवर ‘सत्तर चौरस मीटरपर्यंत ग्रॅनी फ्लॅटला आता कन्सेंट नको’ असं पाठवलं असेल, तर ते अर्धं खरं आहे. १५ जानेवारी २०२६ पासूनची ती सवलत नव्याने बांधलेल्या, सुट्या, एकमजली छोट्या घराला आहे. त्यातही लायसन्सधारक माणसांनीच काम करायचं आणि कौन्सिलला आधी कळवायचं. जुन्या गॅरेजचं केलेलं रूपांतर त्यात बसत नाही.

आता भिंत उघडायची. पण थांबा, त्याआधी ॲस्बेस्टॉस. सत्तरच्या दशकातल्या गॅरेजला बाहेरून फायब्रोलाइटचे (ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे) सपाट करडे पत्रे असण्याची दाट शक्यता आहे. हातोडी मारण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. दहा चौरस मीटरपेक्षा जास्त काढायचं झालं तर लायसन्सवाला माणूस लागतो. तुमच्या यजमानांना रविवारी सकाळी स्वतः सुरू करायची हौस असेल तर ती आवरा.

मग एखादा बिल्डिंग सर्व्हेअर किंवा स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. आतून जिबची खालची एक वीतभर पट्टी तीन-चार ठिकाणी कापून काढा. एक जागा जिथे जुना गॅरेजचा दरवाजा होता, एक न्हाणीघराच्या पाठीमागे, एक पश्चिमेच्या भिंतीला. खाली आडवं लाकूड दिसेल, ती बॉटम प्लेट. तिच्यात ओलावा मोजायच्या मीटरचे दोन काटे टोचले की आकडा येतो. वीस टक्क्यांच्या पुढे गेला तर लाकूड ओलं आहे. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर बिस्किटात जातो तसा आत गेला तर ते गेलेलंच आहे. प्लेट आणि काँक्रीट यांच्यामध्ये काळ्या कागदाची किंवा प्लास्टिकची पट्टी आहे का तेही बघा. ती ओल अडवते. घाईत बुजवलेल्या दरवाजाच्या जागी ती हमखास नसते, तिथे लाकूड थेट काँक्रीटवर बसवलेलं असतं.

इथे गॅरेजचा मूळ दोष कळतो. गॅरेजचा स्लॅब (आपल्याकडचा डोक्यावरचा नव्हे, इथे स्लॅब म्हणजे पायाखालचा) मुद्दाम खाली ठेवलेला असतो, गाडी सरळ आत यावी म्हणून. राहत्या घराला जो सर्वमान्य मार्ग आहे त्यात, लाकडी सांगाड्याच्या आणि हलक्या आवरणाच्या भिंतीला, आतली फरशी बाहेरच्या पक्क्या जमिनीपेक्षा दीडशे मिलिमीटर आणि कच्च्या जमिनीपेक्षा सव्वादोनशे मिलिमीटर उंच लागते. तुमच्या दाराशी टेप लावून बघा. ड्राइव्हवे आणि फरशी जवळजवळ एका रेषेत निघेल. पावसाचं पाणी ड्राइव्हवेवरून उतरतं आणि भिंतीच्या पायाशी थांबतं. २७ जानेवारी २०२३ च्या शुक्रवारी ऑकलंडमध्ये जे झालं ते तुम्ही इथेच राहून पाहिलंय. कौन्सिलच्या पुराच्या नकाशावर तुमच्या आवारातून पाण्याची वाट जाते का ते आजच बघा. जात असेल तर झोपायची खोली म्हणून त्या गॅरेजचा नाद सोडा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

जात नसेल तर फरशीला उपाय आहेत. ड्राइव्हवेचा भिंतीलगतचा पट्टा कापून तिथे जाळीचा निचरा करता येतो, जमीन खाली घेता येते, आत ओलरोधक थर आणि इन्शुलेशन घालून नवी फरशी वर उचलता येते. पण फरशी वर उचलली की छत डोक्याजवळ येतं, तेव्हा आधी उंची मोजा. यातला कुठला उपाय कौन्सिल मान्य करेल ते आराखडा काढणाऱ्याने आधी बोलून घ्यावं. ऐपत असेल तर अर्जापूर्वीची बैठक मागा, ते पैसे वाया जात नाहीत.

न्हाणीघराच्या पाण्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. आधीच्या मालकाने संडासाचं पाणी नेमकं कुठे सोडलंय? ड्रेनलेअरला (गटाराचं काम करणाऱ्याला) बोलवून टाकीत रंग टाकायला लावा आणि फ्लश करा. रंग मलपाण्याच्या मॅनहोलमध्ये दिसला तर हुश्श म्हणा. पावसाच्या पाण्याच्या चेंबरमध्ये दिसला, तर ती घाण थेट ओढ्यात आणि तिथून समुद्रात जातेय. तसं निघालं तर संडास त्याच दिवशी बंद करा, बाकीचं नंतर.

बाकी गोष्टी त्या मानाने सुताराच्या आहेत. काचेचं क्षेत्र फरशीच्या किमान दहा टक्के आणि उघडता येणारा भाग पाच टक्के, हा साधा हिशेब. सहा बाय सहाच्या गॅरेजात सगळी एकच खोली धरली तर ३.६ आणि १.८ चौरस मीटर. गॅरेजला एक अरुंद खिडकी असते, तेव्हा खिडकी वाढणार. खिडकी वाढली की भिंतीचा तो भाग वारा-भूकंपाला तोंड द्यायच्या कामातून जातो, म्हणून ब्रेसिंगचा हिशेब इंजिनियरकडून. शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटरच्या आत भिंत असेल तर आगीचा प्रश्न येतो, आणि जुनी गॅरेजं कुंपणाला चिकटूनच असतात. त्या भिंतीत खिडकीचं स्वप्न बघू नका. वायरिंग नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने तपासून त्याचा कागद द्यावा. भिंती आणि छतात इन्शुलेशन, न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा पंखा. तो पंखा नुसता छताच्या पोकळीत फुंकत नाही ना, ते वर चढून बघा. असा निघालेला मी स्वतः बसवलेला एक पंखा अजून मला आठवतो, तेव्हा मी नवखा होतो.

एवढं सगळं झाल्यावर तीन रस्ते उरतात. बॉटम प्लेटी कोरड्या, गटार बरोबर, हद्द लांब: मग सी-ओ-ए आणि उरलेल्या कामाचा कन्सेंट. प्लेटी ओल्या पण पाण्याची वाट नाही: आतलं सगळं काढून सांगाड्यापर्यंत जा आणि कन्सेंट घेऊन नव्याने करा. हे ऐकायला महाग वाटतं, पण उघड्या सांगाड्याची तपासणी इन्स्पेक्टरला सोपी, म्हणून पुष्कळदा हेच स्वस्त पडतं आणि शेवटी पूर्ण कागद हाती येतो. तिसरा रस्ता, परत गॅरेज. न्हाणीघर ड्रेनलेअरकडून रीतसर बंद करायचं, दरवाजा परत लावायचा, गाडी आत. यात कमीपणा नाही. मी असतो तर भिंत उघडेपर्यंत कुठलाच रस्ता मनात धरला नसता. सी-ओ-एच्या अर्जावर निर्णय द्यायला कौन्सिलला वीस कामाचे दिवस असतात, पण त्यांनी जास्तीची माहिती मागितली की ते घड्याळ थांबतं, म्हणून या मुक्कामात सासू-सासऱ्यांना तिथे परत झोपवायचा बेत करू नका.

पैशाचं एक राहिलं. घर घेतानाचा करारनामा काढा. इथल्या नेहमीच्या छापील करारात विकणारा अशी हमी देतो, की त्याने केलेल्या किंवा करवून घेतलेल्या कामाला लागणारे कन्सेंट घेतलेले आहेत. रूपांतर त्याच मालकाने केलं असेल तर तुमचा दावा उभा राहू शकतो. त्याच्याही आधीच्या मालकाने केलं असेल तर ही हमी उपयोगाची नाही. म्हणून पुन्हा तो तारखेचा शिक्का. अशा दाव्याला साधारण सहा वर्षांची मुदत असते आणि तुम्ही घर २०२१ च्या नोव्हेंबरात घेतलंय, तेव्हा वकिलाकडे जायला दिवाळीपर्यंत थांबू नका.

तेवढा झाकणावरच्या तारखेचा आकडा मला कळवा. १९९२ च्या आधीचा निघाला तर वरचं निम्मं पत्र रद्द समजा आणि मी नव्याने लिहितो. आणि झाकण दोन्ही हातांनी उचला. चिनीमातीचं असतं, तसं दुसरं मिळत नाही.